व्हॉल्व्ह तापेपर्यंत

माझ्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी मी होणाऱ्या सासऱ्यांचा अपमान केला आणि तो धाड गावच्या संपूर्ण आठवडी बाजाराने ऐकला. ही हकीकत पुढे जिल्ह्यात ज्या स्वरूपात फिरली त्यात काही चुका आहेत (मी प्यायलेलो नव्हतो), म्हणून घटनाक्रम नीट सांगतो.

देवरावजी, म्हणजे माझे होणारे सासरे, धाडचे मिरचीचे बागायतदार. भाषणाची त्यांना विलक्षण हौस. थोरल्या मुलीच्या, कुसुमच्या, साक्षगंधाला ते बोलणार हे मुलगा ठरण्याआधीच ठरलेलं होतं! पण गावातला लाऊडस्पीकरवाला नेमका त्या दिवशी दुसऱ्या लग्नात अडकला. तसा निरोप मेहकरला आमच्याकडे आला. मी म्हणालो, "काळजी नको, मी आणतो." (इथेच थांबायला हवं होतं.)

आमच्याकडे एक पूर्ण यंत्र नव्हतं, दोन अर्धी होती. वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा सेट त्यांनी तरुणपणी स्वतः जुळवलेला. माईकचा आवाज तो गोड करून द्यायचा, पण भोंगा वाजवण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती. माझा नवा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर चार भोंगे वाजवायचा, पण माईकचा बारीक आवाज त्याला कळतच नसे. दोन्ही जोडले. सेटकडून इतका जोरदार आवाज येऊन ॲम्प्लिफायरवर आदळला की भोंग्यातून रेडा ओरडला! शेजारच्या काकू पोळी तव्यावर टाकून बाहेर आल्या. मग अण्णांनी मधल्या वायरीत एक रेझिस्टन्स घातला. आवाजाला आवर घालणारा, खडूच्या तुकड्याएवढा. रेड्याचा माणूस झाला.

"या दोघांचा सोभाव येगळा हाय बे," अण्णा म्हणाले. "तुहा डब्बा बटण दाबलं का तयार. माह्या सेटले तापू द्या लागते. चालू केला का पन्नास मोज, मंगच बोल. अन् बंद केल्यावरही थो लगेच गप बसत नाही. ध्यानात ठेव."

"हाव, अण्णा."

मी हो म्हणालो. ऐकलं नव्हतं.

धाडला एक भोंगा मांडवात बांधला आणि दुसरा लिंबाच्या झाडावर, बाजाराकडे तोंड करून. (हा आग्रह देवरावजींचा. पाहुण्यांपुरतं बोलणं त्यांना परवडत नसे.) व्होल्टेज इतकं कमी होतं की मांडवातला बल्ब लागला आहे हे हात लावून पाहावं लागलं. मी दोन्ही बटणं दाबली. माझ्या डब्याचा लाल दिवा तत्काळ लागला. "हॅलो, हॅलो!" काही नाही. सगळ्या चाव्या शेवटपर्यंत फिरवल्या. काही नाही. मग मला अण्णांच्या रेझिस्टन्सचा संशय आला. तो दातांनी उपटला आणि वायरी एकमेकींना पिळून टाकल्या. तरीही काही नाही.

हे स्थळ आणणारी माझी आत्या शेजारी येऊन उभी राहिली. "काऊन रे, बोलत नाही का थे?"

"मेलं वाटते, आत्या."

"मरू दे. तू सांग, पोरगी मनातून पसंत हाय ना? इथं कोनी ऐकून नाही राह्यलं."

माईक माझ्या हातातच होता. मी म्हणालो, "कुसुम लई चांगली हाय. शिकेल हाय, समजदार हाय. सासरेही देवमाणूस. जीव लावून जेवू घालतात."

इथवरचं सगळं थंड व्हॉल्व्हमध्ये जिरलं.

"पण..." मी म्हणालो, आणि व्हॉल्व्ह तापले.

"पण बुढा बोलायले लागला का थांबतच नाही! त्याच्या तोंडाले बटणच नाही!"

बटण माझ्याही तोंडाला नव्हतं. वाक्य बाजाराच्या पलीकडे पोचलं तेव्हा ते मला ऐकू आलं. घाबरून मी हाताला लागलं ते बटण बंद केलं. ते अण्णांच्या सेटचं होतं.

"बंद केलं, आत्या," मी म्हणालो.

"बंद केलं, आत्या!" लिंब गरजला.

"असं कसं बोललास रे?" आत्या ओरडली. तेही बाजाराने ऐकलं. "अन् शिऱ्यात साखरही कमीच होती!"

'साखर'पर्यंत आवाज चालला, मग विझत गेला. बाजारात तराजू हवेत थांबले होते.

देवरावजी मांडव ओलांडून आले. चेहरा त्यांच्याच मिरचीसारखा. "जावईबापू," ते शांतपणे म्हणाले (ही शांतता वाईट होती), "माईक चालू करा."

अण्णांनी येऊन रेझिस्टन्स परत जोडला, चाव्या खाली आणल्या, आणि मी चालू केला. या वेळी पन्नास मोजले, मोठ्याने. सत्तर पाहुणे माझ्याबरोबर मनातल्या मनात मोजत होते.

"मंडळी," देवरावजी म्हणाले, "माह्या तोंडाले बटण नाही, हे आपण ऐकलंच. आता हे साक्षगंध होईन का नाही, थे मी भाषणाच्या शेवटी सांगीन."

आणि त्यांनी आपल्या जन्मापासून सुरुवात केली.

एक तास झाला. पहिली विहीर लागली, दुसरी खचली. माझं लग्न मोडलं की राहिलं, याचा पत्ता नाही. अण्णा मात्र मान हलवत होते. आवाज किती गोड येतोय, एवढंच त्यांचं लक्ष! तेवढ्यात कुसुम आतून आली, टेबलापाशी वाकली आणि बटण दाबलं. माझ्या डब्याचं. आवाज जागच्या जागी थांबला. योग्य बटण त्या दिवशी फक्त तिलाच सापडलं.

"बाबा, सोयरे उपाशी हायेत. पोरगा मले पसंत हाय. कुंकू लावा आता."

देवरावजींनी माईककडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वांत छोटं भाषण.

कुसुमने माझ्यासाठी एकच अट ठेवली: तिच्या माहेरी तोंड उघडण्यापूर्वी पन्नास मोजायचे. मी इमानाने मोजतो. साधारण तीसच्या आसपास सासरे बोलायला लागतात, आणि माझे व्हॉल्व्ह अजून एकदाही तापलेले नाहीत!