पाठमोरी

"थांबा सर, आधी ती वळली का बघतो," असं म्हणत तो रद्दीचा गठ्ठा तराजूऐवजी मांडीवर घ्यायचा. नगरच्या सावेडीत त्याचं रद्दीचं दुकान होतं. जुनी रविवार पुरवणी निघाली की चित्रमालिकेचं पान नाकाशी धरायचा आणि मान हलवायचा. "न्हाई वळली."

ती म्हणजे मालिकेतली मोलकरीण. जुन्या वाचकांना आठवत असेल. पुढे साहेब-बाईसाहेब बोलताहेत, मागे ही पाठ करून भांडी घासतेय. कप फुटला हिच्यामुळे, साखर संपली हिच्यामुळे. विनोद सगळा हिच्यावर, पण चेहरा एकदाही दाखवलेला नाही. तुम्ही हसला असाल. मी तर पोट धरधरून हसलोय.

"माजी आई हाय ती," एकदा तो म्हणाला. बेलापूरहून ती नगरला आली आणि त्या चित्रकाराच्याच घरी कामाला लागली. "सायब चित्रं काढायचे, आई भांडी घासायची. तिचा एकबी फोटो न्हाई, सर. तोंड इसरत चाललोय मी तिचं."

त्यानंतर मला त्या पानांवर हसता येईना. ती पाठ आपलं बोलणं ऐकतेय असं वाटायचं.

माझे वडील गेल्यावर माळ्यावरून त्यांच्या पुरवण्या काढल्या. एका पानात ती वळली होती. पण पदराखाली नुसता कोरा गोल. साहेबांच्या कुत्र्याला भुवया होत्या, हिला डोळेसुद्धा नव्हते. मला भयंकर लाज वाटली. शाई-पेन घेतलं आणि मीच डोळे, नाक, ओठ काढले. अशी लबाडी मी शाळेतल्या पोरांना कधी करू दिली नसती.

ते पान मी दुकानात नेऊन दिलं. त्यानं ते नाकाशी धरलं. मग बोट टेकवून म्हणाला, "हीच. भुवईवरची खोक बी बरोबर काढली सायबांनी. हिरीवर पडली हुती ती."

मी वाकून पाहिलं. डाव्या भुवईवर बारीक तिरकी रेघ होती. ती मी काढली नव्हती.

यंदा तो गेला. दुकान आता त्याची सून बघते. त्यानं ते चित्र मोठं करून भिंतीवर लावलं होतं. शेजारी आता त्याचाही फोटो आहे, दोघांना हार आहेत.

"आजेसासूबाई हायेत," सून म्हणते. "पाया पडा, सर."

मी हात जोडतो, पण मान वर करत नाही. मी तिचे ओठ मिटलेले काढले होते. परवा चुकून नजर गेली, तर ती हसत होती.