सोपानभाऊंचा शेवटचा दिवस

"आपला जेसीबी विकायचा. सोपानचं गुरुवारचं परतीचं तिकीट काढलंय," थॉमस सर म्हणाले. सर म्हणजे आमच्या दोहा ऑफिसचे मॅनेजर.

"मग खोदणार कोण, सर?"

"भाड्याचं मशीन. ड्रायव्हरसकट येतं."

मी आर्किऑलॉजिस्ट. पाइपलाइन किंवा रस्ता टाकण्याआधी जमिनीत काही जुनं आहे का, ते आम्ही तपासतो. कोणी बांधलं तरच आम्ही खोदणार. मंदीत प्रोजेक्ट थांबले आणि बारा जणांची टीम चारवर आली. आता पाळी आमच्या जेसीबी ऑपरेटरची, सोपानभाऊंची. बीडचे, बरवा अल बराहा या कामगार वस्तीत राहणारे, गावी घर अर्धवट. मला ताई म्हणतात आणि माझ्या चुका तोंडावर सांगतात. मला सरांचा भयंकर राग आला होता.

बुधवारी उत्तरेकडच्या साइटवर भाड्याचा जेसीबी आला. बकेट दातेरी! आम्हाला सपाट धारेची लागते, माती पातळ थरांत खरवडायला. पण क्लायंटचा इंजिनिअर घड्याळ दाखवत होता. "यल्ला मॅडम, इथे नुसती वाळू आहे." मी घाबरून दातेरी बकेटलाच हो म्हटलं. ही चूक माझी.

सोपानभाऊंना त्या दिवशी बाजूला उभं राहून नुसती नजर ठेवायची होती. तिसऱ्यांदा बकेट खाली गेली आणि ते ओरडले, "रुको! बंद करो!" मग माझ्याकडे वळले. "ताई, आवाज बदलला. खाली गिलावा हाय."

"मला तर काही दिसत नाही."

"दिसंल कसं? आजून वाळूखाली हाय की."

आमची सपाट बकेट पिकअपमध्येच होती. ती लावून ते स्वतः मशीनवर बसले. बोटभर थर काढला, खाली उतरले आणि अंगणात सडा घालावा तसं पाणी शिंपडलं. वाळू लगेच सुकली, गिलावा ओलाच राहिला. त्यात एकाला एक लागून पन्हळी उमटल्या. मदबसा! खजुराची पोती रचून त्यांचा पाक गोळा करायची जुनी खोली. एका कोपऱ्यात बकेटच्या दातांचे तीन ओरखडे होते, तेवढ्यावर निभावलं. मी आनंदाने ओरडलेच.

इंजिनिअरचा चेहरा पडला. "खलास! प्रोजेक्ट थांबला."

"पाइप कुठे टाकलाय अजून? ड्रॉइंगवर लाइन दहा मीटर सरकवा," मी म्हटलं.

मदबसाची नोंदणी होईपर्यंत सरांनी सोपानभाऊंचं तिकीट पुढे ढकललं. सरकारी खात्याने नवी लाइन मान्य केली. पाइप टाकल्यावर हे सापडलं असतं तर सगळंच उपटावं लागलं असतं, हे क्लायंटला नीट कळलं होतं. त्याने उरलेल्या सगळ्या रूटचं काम आम्हाला दिलं. मेलमध्ये अट एकच: ऑपरेटर तोच हवा.

सरांनी मेल दोनदा वाचला. "तिकीट कॅन्सल करा."

सोपानभाऊंनी एवढंच विचारलं, "आपला जेसीबी इकला का?"

विकला नव्हता. मंदीत गिऱ्हाईक कुठून येणार?

कोणाला काढायचं ते कंपनीने खुशाल ठरवावं. फक्त यादी करण्याआधी एक दिवस ट्रेंचच्या काठावर उभं राहावं. गावच्या घराचा स्लॅब झाला तेव्हा सोपानभाऊंनी पहिला फोटो पाठवला तो थॉमस सरांना.