उंदराचं प्रकरण

मंगळवार पेठेतल्या शालूबाईनं कादंबरी लिहिली, तेव्हा महाराजांना गादीवर येऊन वीस वर्षं होत आली होती. नवरा गणपतराव छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. वाया गेलेले कागद तो घरी आणी. त्यांच्या कोऱ्या पाठीवर ती अक्षरं शिकली, आणि पुढं तिथंच आपलं दुःख मांडत गेली.

दुःख एकच होतं. प्लेगच्या साली चुलीमागं उंदीर मरून पडला. उंदीर पडला की वर्दी द्यायची, घर सोडून रानात झोपडीत राहायला जायचं, अशी ताकीद होती. पण नऊ वर्षांच्या लेकीला, गोजराला, परवा हळद लागायची होती. आजऱ्याहून वऱ्हाड निघालं होतं. शालूबाईनं उंदीर चिमट्यानं उचलला आणि कुणाला न सांगता उकिरड्यात पुरला. लग्न लागलं. पाचव्या दिवशी पोरीच्या काखेत गाठ आली, आणि ओल्या हळदीचं अंग चितेवर गेलं.

कादंबरीत तिनं सगळं खरं लिहिलं. फक्त उंदीर पुरल्याचं लिहिताना तिचा हात धजेना, म्हणून तो सासूच्या हातात दिला.

ते प्रकरण गणपतरावानं खिळ्याला खिळा लावत जुळवलं. त्या दिवसापासून तो आईकडं पाठ करून जेवू लागला. शालूबाई त्याला खरं काय ते आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता पुस्तक बांधून आलं.

सासू तानाबाईला अक्षर ठाऊक नव्हतं. 'माझ्या सुनंनं बुक लिवलंय' म्हणत ती पेठभर हिंडली. पण पुस्तकातलं कानोकानी झालं, आणि पाणवठ्यावरच्या बायका तिला बघून घागर उचलू लागल्या. एकीनं तोंडावरच सांगितलं, "म्हातारे, नात खाल्लीस की गं."

दुपारी तानाबाई पुस्तक घेऊन सुनेपुढं बसली.

"उंदीर मी पुरलाता व्हय गं? मला तर आठवत न्हाय. पण छापलंय म्हंजे असंलच की. वाच बघू तेवढं."

शालूबाई वाचू लागली. त्या ओळीशी आल्यावर थांबली, आणि सासूचं नाव गाळून तिथं स्वतःचं घेतलं.

तानाबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मला बरं वाटावं म्हणून बदलू नगंस, पोरी. गणपा माझ्याशी बोलत न्हाय, ते उगंच व्हय? हाय तसं वाच."

"आत्याबाई, मीच पुरलाता तो. खरंच मीच."

"तू आई हाईस तिची," म्हातारी म्हणाली. "आई असं करंल व्हय?"

शालूबाईनं पान डोळ्यांजवळ धरलं आणि छापलं होतं तसं वाचलं.