डोळ्याला टिपूस नाही

डॉक्टरबाईंनी माझ्या बायकोच्या, कांताच्या, दोन्ही खालच्या पापण्यांत कागदाची बारीक पट्टी अडकवली. याला शर्मर टेस्ट म्हणतात. पाच मिनिटांत पट्टी किती भिजते ते बघायचं. पट्ट्या जवळजवळ कोरड्याच निघाल्या.

"यांना अश्रू तयारच होत नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी मान खाली घातली.

कांता दोन वर्षं सांगत होती, "डोळ्यात वाळू गेल्यावानी खुपतंय." धर्मापुरीत आमची पिठाची गिरणी आहे. पीठ उडतं, डोळे धू, म्हणायचो. भाकरीच्या घासाघासाला तिला पाणी लागायचं, तेही मनावर घेतलं नाही.

मग माय गेली. तीन वर्षं अंथरुणावर होती. अंगणात बाया रडत होत्या, कांता नुसती बसली होती. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "माझी माय गेली अन् हिच्या डोळ्याला टिपूस न्हाई!" तेव्हापासून माझ्या बहिणीनं, आक्कानं, तिच्याशी बोलणं सोडलं. मीही सोडू दिलं.

पुढं कांताला उजेड सोसेना, तेव्हा कुठं अंबाजोगाईला नेलं. शर्मरनंतर रक्त तपासलं, ओठाच्या आतला बारीक तुकडा तपासला. शोग्रेन सिंड्रोम निघाला; यात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते.

"मेंदूचा निरोप आला की ग्रंथीच्या पेशीत कॅल्शियम वाढतं," डॉक्टरबाईंनी समजावलं. "त्या इशाऱ्यावर पेशी पाणी सोडते. इथे इशाराच क्षीण झालाय."

"मग कॅल्शियमच्या गोळ्या द्यायच्या का?"

"नाही. रक्तातलं कॅल्शियम ठीक आहे. रडू येतं हो त्यांना, पाणी येत नाही."

एसटीची वाट बघताना मी म्हणालो, "चुकलो मी. आजार हाय हे म्हाईत न्हवतं."

"अन् आजार नसता तर?" कांता म्हणाली. "तीन वर्सं त्यांचं हागणंमुतणं काढलं. ते दिसलं न्हाई, पाणी तेवढं पायजे व्हतं तुमाला?"

एसटी आली, मी तिच्या मागून चढलो.

वर्षश्राद्धाला तीच माणसं जमली. पानं वाढायच्या आधी मी उभा राहिलो. आजार सांगितला, मग आजार नसता तरी मी चुकलोच होतो, हेही सांगितलं. आक्का उठून कांताजवळ जाऊन बसली. कांता बाजूला सरकली नाही.

हा आजार मुळातून जात नाही; थेंब आणि गोळ्या चालूच राहतात. तुमच्या घरात कुणी डोळे खुपतात, तोंड सुकतं म्हणत असेल, तर धुळीवर ढकलू नका. दाखवा.

थेंब मीच टाकतो. त्यासाठी तिच्या डोळ्यांत बघावं लागतं, आणि दर वेळी लाज वाटते. ती तोंड फिरवत नाही, हे तिचे उपकार.