नुसते ओठ हलवा

लोणावळ्यात पावसाळा आभाळातून गेला तरी कपाटातून जात नाही. दसरा उलटला की मी तबकड्यांचा कप्पा उघडतो, आणि ओल्या पुठ्ठ्याचा व डांबरगोळ्यांचा कोंदट वास आधी अंगावर येतो. मग सज्जात, जिथे ऊन थेट पोचत नाही पण त्याची ऊब पोचते, तिथे बसून जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने मी एकेक तबकडी पुसत राहतो. लोक गाद्या उन्हात घालतात, आमच्याकडे गाणी घालतात, असं बायको दरवर्षी म्हणते.

यंदा या कामाला निमित्तही होतं. माझ्याकडे एकाच ऑरॅटोरिओची सात ध्वनिमुद्रणं आहेत. ऑरॅटोरिओ म्हणजे वेष नाही, अभिनय नाही, नुसतं उभं राहून गायलेलं धर्मकथेचं संगीतनाटक, ज्यात एकट्या गायकाचा स्वर विरतो न विरतो तोच समूहाचा स्वर भरून येतो. त्या सातांतलं सर्वांत आवडतं निवडून येत्या रविवारी ऐकवावं, आणि तेच का तेही सांगावं, अशी तळेगावच्या आमच्या श्रोतेमित्रांची फर्माईश होती. एरवी मी एका पायावर तयार झालो असतो. या विषयात माझा स्वभाव मुळीच नम्र नाही. अमक्या मुद्रणात घाई फार, तमक्यात गायकांची नुसती जत्रा, तिसऱ्यात सगळं इतकं गुळगुळीत की कान घसरून पडावेत, अशी शेरेबाजी मी वर्षानुवर्षं करत आलो आहे.

या खेपेला मात्र निवड होईना. आठ दिवस सकाळच्या चहानंतर मी एकेक मुद्रण ऐकत गेलो आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं, की मी प्रत्येकात मध्यम पट्टीतल्या बायकांच्या ओळीत एक राकट, उघडा, जरा पुढे धावणारा आवाज शोधतो आहे. तो कुणाचा, हे मला पुरतं ठाऊक होतं.

कप्प्यात आठवी तबकडीही आहे, वेष्टनावर माझंच अक्षर असलेली. मी ज्या निवासी शाळेत शिकवत होतो तिथल्या संगीताच्या बाईंनी शिक्षक, देहूरोडच्या डेपोतले दोघे-तिघे हौशी आणि शाळेच्या स्वयंपाकघरातल्या ठकूमावशी अशी मोट बांधून या ऑरॅटोरिओतली चार समूहगीतं बसवली होती. मुलांना जेवायला बोलावणारी मावशींची हाक मैदानाच्या पलीकडे जायची; ती ऐकूनच बाईंनी त्यांना ओळीत उभं केलं होतं. परक्या भाषेतले शब्द मावशींनी नुसते ऐकून पाठ केले, आणि आम्ही हातातल्या कागदात डोकं घालून चुकत असू तेव्हा त्या समोर बघून बिनचूक गात. पण इतरांच्या आवाजात आपला आवाज कसा लपवायचा ते काही त्यांना जमेना.

त्या ओळीची जबाबदारी माझ्यावर होती. मुद्रणाच्या सकाळी पुण्याहून यंत्रं घेऊन माणूस आला, आणि बाई त्याच्याशी बोलत असताना मी मावशींना खांबाआड नेऊन हळूच म्हणालो, "मावशी, आज आवाज काढू नका. नुसते ओठ हलवा."

"व्हय, सर," त्या म्हणाल्या आणि जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. नव्या लुगड्याचा पदर त्यांनी दोन्ही खांद्यांवरून नीट घेतला होता. नंतर बाईंनी विचारलं, आज ठकूबाईंचा आवाज कसा नाही लागला? घसा बसलाय त्यांचा, असं मी सांगून टाकलं. बाई आता नाहीत, आणि ते खोटं त्यांच्यापाशी तसंच राहून गेलं. ते मुद्रण स्वच्छ आहे, तोललेलं आहे, आणि मला ते कधीच शेवटपर्यंत ऐकवत नाही. मला त्याची लाज वाटते.

गुरुवारी मी मावशींच्या गावी, परंदवडीला गेलो. भातकापणी उरकत आली होती, खाचरांतून ओल्या पेंढ्याचा गोडसर वास येत होता, आणि उतरत्या उन्हात खळ्यावरचा भुसा सोनेरी होऊन तरंगत होता. वाटेभर मी माफीची वाक्यं जुळवत होतो, जणू तेही एक भाषणच. ठकूमावशी अंगणात भात पाखडत बसल्या होत्या. वाकल्या आहेत, पण आवाज तोच. त्यांनी सुनेला चहाला पिटाळलं. बोलायला सुरुवात कशी करावी ते न कळून मी फोनवर उतरवून आणलेलं आमचं शेवटचं समूहगीत लावलं आणि फोन त्यांच्या हाती दिला.

त्यांनी तो कानाशी धरून डोळे मिटले. थोड्या वेळाने बोट वर केलं. "ह्यो बगा, सर. ह्यो मी."

मी ती जागा पुन्हा लावली. सगळे स्वर एकत्र वर चढतात तिथे, तळाशी, एक उघडा आवाज इतरांच्या किंचित आधी उठत होता आणि इतर थांबल्यावर निमिषभर मागे उरत होता. इतरांच्या चुका वेचण्यात मुरलेल्या माझ्या कानांना तो इतक्या वर्षांत सापडला नव्हता.

"तुमी व्हट हलवा म्हनला व्हता," मावशी खाली बघत म्हणाल्या. "तीन गान्यांना हलवलं. पर हितं समदी वर चढली आन् मला ऱ्हावलं न्हाई. निसटलाच. तुमचं काम नासलं आसंल. लय दिस मनात व्हतं सर, तुमाला सांगायचं. माफ करा."

जुळवलेल्या वाक्यांऐवजी माझ्या तोंडून बाहेर पडलं ते असं: "असू द्या मावशी. तेवढ्याने काही बिघडलं नाही."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. चहा झाल्यावर त्यांनी नव्या तांदळाची पिशवी बळेच माझ्या हातात दिली.

रविवारचं मुद्रण आता ठरलं आहे, सातांबाहेरचं, आठवं. ते लावण्याआधी चारचौघांत काय कबूल करायचं तेही ठरलं आहे. पण ते जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, तिच्या अंगणातून मी क्षमा करणाऱ्याच्या थाटात, तिचेच तांदूळ घेऊन निघून आलो.