वेळ सांगणाऱ्या बाईंशी मी काय बोलत होतो

बंगलोरात मला अक्कांनी उभं केलं, हे मी सगळ्यांना सांगतो. त्यापुढचं मात्र आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही अक्कांना ओळखत नाही.

आठवीतून शाळा सोडून गडहिंग्लजकडून आलो, तेव्हा कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. जयनगरातल्या नळ-फिटिंगच्या दुकानात अक्का हिशेब बघायच्या. पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, पण घरात मराठी. त्यांनीच मालकांकडे माझ्यासाठी शब्द टाकला. त्यांच्याच डब्यातलं मी वर्षभर जेवलो. "स्वल्प हळू खा रे, डबा पळून जात नाही," म्हणायच्या. अशा बाईशी मी — थांबा, आधी फोनचं सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मालकांनी दुकानासाठी मोबाइल घेतला, चांगला विटेएवढा. तेव्हा आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे, त्यामुळे तो वाजला की मालक दचकायचे. माल पोचवायला जाताना तो माझ्याकडे असे, एरवी अक्कांच्या टेबलावर.

आता तुम्हीच सांगा, हातात मोबाइल आणि बसस्टॉपवर एवढी माणसं बघतायत — गप्प कसं उभं राहायचं? पण फोन करणार कुणाला? माझ्या ओळखीत फोनवाला माणूसच नव्हता. मग मी वेळ सांगणारा सरकारी नंबर लावायचो. पलीकडे टेपवरच्या बाई वेळ सांगत राहायच्या आणि मी मोठ्यानं म्हणायचो, "नाही साहेब, या भावात परवडत नाही. व्हाइटफील्डच्या साइटवर तुमचा माणूस पाठवा." त्या बाई मला कधी तोडून बोलल्या नाहीत. इतकं ऐकून घेणारं या शहरात दुसरं कुणी नव्हतं — म्हणजे, अक्का सोडून.

महिनाअखेर बिल आलं. वेळ सांगणारा एकच नंबर त्यात कितीदा आलाय, ते मालकांनी बोटानं मोजलं. मग म्हणाले, "भिंतीवर एवढं घड्याळ लटकतंय. या दुकानात फोन करकरून वेळ विचारतंय कोण?"

आणि नेमकं तेव्हाच — खोटं नाही सांगत — अक्कांनी विचारलं, "किती वाजले रे, दत्तू?"

त्यांचं हातातलं घड्याळ बंद पडलं होतं, भिंतीवरचं लांबून दिसत नसे. लेक हुबळीला, दिवस भरलेले, जीव टांगणीला. दिवसभर वेळ विचारायच्या. मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मी नाही हो अण्णा," अक्का म्हणाल्या.

"सरी, सरी," मालक म्हणाले. विश्वास नसला की 'बरं, बरं' म्हणतात, तसं.

आणि मी काय केलं? मी वेळ सांगितली. "साडेअकरा, अक्का."

मग मालकांनी मलाच विचारलं, मोबाइल तू वागवतोस, नियम काय करावेत? घाबरलेला माणूस फार कडक नियम करतो. मी म्हणालो, दुकानात मोबाइल खणात, कुलपात. किल्ली माझ्याकडे. कुणाच्या घरचा फोन आला तर न उचलता कापायचा. मालक खूश. अक्का फक्त दुपारी डबा पुढे सरकवताना म्हणाल्या, "जावयाकडे मोबाइलचाही नंबर आहे रे. दुकानाचा साधा फोन सारखा बंद पडतो, म्हणून दिला."

त्याच आठवड्यात तो साधा फोन बंद पडला. आणि खणात मोबाइल वाजला. मी काढला — हुबळीचा नंबर. मालक समोर. अक्का खुर्चीतून उठलेल्या. मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. उचलला असता, तर मालक विचारणार नव्हते का, की मग नियमाची एवढी घाई तुलाच कशाला होती? आणि नोकरी गेली, तर गावाकडे काय तोंड दाखवू? एवढंच डोक्यात होतं. अक्कांच्या डोक्यात तेव्हा काय काय येऊन गेलं असेल?

नात झाल्याचं त्यांना संध्याकाळी घरी गेल्यावर शेजाऱ्यांकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी पेढे आणले. पहिला मला. मालकांना म्हणाल्या, "दत्तूला काही बोलू नका अण्णा, नियम तो नियम." मी मान खाली घालून दोन खाल्ले.

आता अक्का गुडघ्यांमुळे घरीच असतात. मालक अजून गल्ल्यावर बसतात, आणि त्यांच्या लेखी ती वेळ अक्काच विचारत होत्या. अक्कांचं मी फेडीन. एक दिवस मालकांना रिक्षात घालून त्यांच्या घरी नेईन, आणि दोघांच्या समोर बसून सांगेन, की तो मी होतो.