आईचं लुगडं, म्हैस आणि उटीची गाडी

मंडळी, आज सकाळी आमच्या गोठ्यात जे घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

उटीच्या वाफेच्या गाडीत चार पिढ्यांनी मिळून बसायचं, असा बेत महिनाभर चाललाय. आई, आम्ही दोघं, लेक आणि तिची चिमुरडी. आईने लहानपणी माहेरच्या शेतातून धुराची गाडी रोज पाहिली, बसली मात्र कधीच नाही. सगळा बेत तिच्यासाठी, आणि तीच म्हणत होती, "तुमी जा. म्हशीला कोन बघंल?"

आमची म्हैस आईशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही. शेजारचे बबनभाऊ चार दिवस धार काढायला बसले आणि चारही दिवस लाथ खाऊन उठले.

आज मी आईचं अंगावरून उतरलेलं, न धुतलेलं लुगडं आणलं आणि बबनभाऊंना डोक्यावरून पदर देऊन गुंडाळलं. एवढ्या मिशांचा गडी! बायको दारातून म्हणाली, "भाऊजी, हळदी-कुंकू लावू का?"

म्हशीने लुगडं हुंगलं. मी मनात देवाचं नाव घेतलं. आणि बादलीत धार वाजली!

आई बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून हसली. "बबन, लुगडं ठिवून जाते तुला. पन मला खिडकीची जागा पायजे हां."

दुपारी तिकिटं काढली. पहिलं नाव आईचं घातलं.

इतकी वर्षं आम्ही फिरून आलो, ती गोठ्यात राहिली. तुमच्या घरी दरवेळी मागे कोण राहतं?